रुमालाखालची शाळा

दिवाळी आटोपली की माझं नाक मला सांगतं, कापसाचा हंगाम सुरू झाला. हल्ली खामगावात कापूस ट्रकमधून येतो, ताडपत्रीखाली घट्ट बांधलेला असतो, तरी त्याचे तंतू कुठून सुटतात कोण जाणे. अंगणातल्या तुळशीवर, दोरीवरच्या धुण्यावर, चहाच्या सायीवरसुद्धा येऊन बसतात. सकाळी उठल्याबरोबर शिंका सुरू. सून म्हणते, डॉक्टरला दाखवू या. मी म्हणते, या दिवसांत मला शिंक आली नाही तरच डॉक्टरला बोलाव.

यंदा शिंकांच्या मागोमाग एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, पिशवीत लॅपटॉप. नगरपालिकेच्या जागेवर मुलींची नवी शाळा काढायची आहे म्हणाली. जागा सरकारी, कारभार एका संस्थेचा, फी काही नाही. मी जन्मभर शिकवत आले, तेव्हा समितीत माझं नाव हवं होतं. तिनं चित्रं दाखवली. प्रत्येक चित्रात मुली हसत होत्या. शाळेत एवढं हसण्यासारखं काय असतं, हे इतकी वर्षं खडू झिजवूनही मला कळलेलं नाही. मी विचारलं, जागा नेमकी कुठली, शेजारी कोणाचं, आणि संस्थेला यातून काय मिळतं?

"काही नाही आजी. समाजासाठी करतोय," ती म्हणाली.

मी सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. फक्त पाणी. मुलगी पाणी पिऊन गेली आणि सून माझ्यावर चिडली, साधा चहा विचारला नाही म्हणून. तिला कसं सांगू, 'मला काही नको' म्हणणाऱ्याला आमच्याकडे बाबांच्या वेळेपासून पाणीच मिळतं.

माझे बाबा कापसाच्या बाजारात दलाल होते. गाड्या यायच्या त्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना, बैलांच्या घुंगरांचा आवाज पहाटेपासून. बाभळींच्या काट्यांना गाड्यांतला कापूस घासून अडकायचा, आणि सगळी बाभूळ म्हातारीच्या डोक्यासारखी पांढरी दिसायची. आम्ही पोरी फ्रॉकच्या ओच्यात तो वेचायचो. सरकीचा उग्र गोडसर वास, गुरांच्या ढेपेचा वास, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगचा भोंगा, दुपारच्या उन्हात तरंगणारे तंतू. आजही डोळे मिटले की मला आधी तो वास येतो आणि मग माणसं दिसतात.

बाजारात लिलाव मोठ्यानं व्हायचा. कायदाच तसा होता. पण बाबांच्या पिढीची जुनी सवय सुटली नव्हती. दोन माणसं शेजारी बसायची, हातांवर रुमाल टाकायची आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायची. कोणतं बोट, किती बोटं, त्यावर सगळं. चेहरे मात्र कोरे. तोंडानं गोष्टी चाललेल्या असायच्या हरभऱ्याच्या, थंडीच्या, कोणाच्या तरी दमेकरी सासऱ्याच्या. शेवटी सगळा पंजा धरून दाबला की सौदा पक्का. त्यानंतर दोन नियम होते. पंजा दाबल्यावर मागं फिरायचं नाही, आणि रुमालाखाली काय झालं हे तिसऱ्यानं विचारायचं नाही. हे मोडणाऱ्याच्या हाताला बाजारात पुन्हा कोणी हात लावत नसे.

बाबांनी ही विद्या घरीही आणली होती. पाहुणे आले की मला जवळ बसवायचे, मांडीवर उपरणं पसरायचे. लोकांना वाटायचं, काय माया आहे बापाची पोरीवर. मायाही असेल. पण उपरण्याखाली ते माझी बोटं धरून पाहुण्याची किंमत सांगत असायचे. एक बोट धरलं तर पाणी. दोन धरली तर चहा. सगळा पंजा दाबला तर माणूस भरवशाचा, तो जेवून जाणार. मी उठून आत जायचे आणि मायला सांगायचे. पंजा फार थोड्यांच्या वाट्याला आला.

"वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा असते," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. गाडीत वर फुललेला कापूस दिसतो, आत कोणी पाणी शिंपडलेलं असतं, कोणी किडकी, डागी कवडी भरलेली असते, एखाद्यानं दगडही. म्हणून बाबा कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस ओढून काढत. माणसांनाही ते तसेच तपासत. एकदाच चुकले, आणि ती चूक घरात सगळ्यांना रोज जेवताना आठवायची. माझी थोरली बहीण वत्सला, तिला दुसरबीडला दिली. मुलाकडच्यांनी सांगितलं होतं, पोरीला शेताचं तोंड पाहावं लागणार नाही. पहिल्याच दिवाळीला ती आली तेव्हा कापूस वेचून वेचून तिच्या बोटांच्या पेरांना बोंडाच्या टोकांनी चिरा पडल्या होत्या. माय तिच्या बोटांना तेल लावत बसली. ते लग्न सगळं पुरुषांनी ठरवलं होतं. मायला कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवाळीच्याच पुढचा हा हंगाम. मी सातवीत होते. मुंबई राजधानी असलेलं नवं राज्य नुकतंच झालं होतं आणि आमच्याकडे लोक त्याच्याकडेही वरच्या कापसाकडे पाहावं तसंच पाहत. गावात मुलींची शाळा सातवीपर्यंत. पुढं हायस्कूल होतं, पण ते मुलांचं, आणि मुलांत बसून शिकायला बाबा मला पाठवणार नव्हते, ही दगडावरची रेघ होती. रोहिणखेडचं एक स्थळ चौकशी करून गेलं होतं. त्यांना उपरण्याखाली दोन बोटं मिळाली होती, म्हणजे चहा. माझ्यापुढे प्रश्न एवढाच होता की उन्हाळ्यानंतर मी आठवीत जाणार की रोहिणखेडला.

अशात एका सकाळी आमच्या ओसरीवर तीन माणसं आली. गावातले वकीलसाहेब, एका जिनिंगचे मालक शेठजी, आणि पुण्याकडून आणलेल्या लिमये बाई. मुलींचं वेगळं हायस्कूल काढायचं ठरत होतं. शेठजी आपली बंद पडलेली जुनी जिनिंग देणार होते, वकीलसाहेब नगरपालिकेची परवानगी काढणार होते, बाई शाळा चालवणार होत्या. सरकारी मान्यतेला मुली पुरेशा दाखवाव्या लागतात आणि मुली मिळत नव्हत्या. बाबांची पोर आली तर बाजारातले सगळे आपल्या पोरी पाठवतील, असा त्यांचा हिशेब. वकीलसाहेबांनी नकाशा पसरला, स्त्री शिकली तर घर कसं शिकतं ते सांगितलं. लिमये बाई पांढऱ्या पातळात ताठ बसल्या होत्या, ओठ घट्ट. बाबांनी विचारलं, तुम्हाले यातून काय भेटते? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघेही म्हणाले, काही नाही. उपरण्याखाली माझं एक बोट धरलं गेलं. मी उठले, आणि आत जाऊन पाण्याचे तांबे भरताना मला रडू आलं. मला ती शाळा हवी होती.

गावात तर संशयाला नुसता ऊत आला. कोणी म्हणे, पोरींना शिकवून मुंबईला नर्सा करून नेणार आहेत. कोणी म्हणे, नवं सरकार शाळेच्या नावाखाली जिनिंगची जमीन घेणार. बाईंनी आमच्या सातवीच्या वर्गात येऊन मुलींचे डोळे, दात पाहिले, कोणाला फळा दिसत नाही, कोण आजारी असतं त्याची विचारपूस केली, तर संध्याकाळी शेजारची आजी ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "काऊन वो, दात पाह्याले पोरी काय बैल हायत?" मी स्वतः काही कमी नव्हते. बापाचीच लेक. मी बाईंच्या मागावर राहिले. एका खोलीत एकट्या राहत. सामान म्हणजे एक ट्रंक. पोस्टमन गल्लीत सगळ्यांकडे जायचा, त्यांच्या दाराशी थांबायचा नाही. बाईमाणूस पुण्याहून इतक्या लांब येतं, आणि मागून कोणाचं साधं कार्ड येत नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं.

मग पालकांची बैठक झाली, जुन्या जिनिंगच्या आवारातच. आम्ही पोरी बाहेरच्या ओट्यावर. आख्खी दुपार पुरुषमंडळी एकाच गोष्टीवर बोलली, कंपाउंडाची भिंत किती उंच हवी. गाडीवर उभ्या माणसाला आतलं दिसू नये एवढी, असं एकजण म्हणाला. मग गाडी कापसानं भरलेली धरायची की रिकामी, यावर तट पडले. फाटक बाजाराकडे नको, मागच्या गल्लीत हवं, हंगामात गाड्यांच्या गर्दीतून पोरी कशा येतील, हेही झालं. आत काय शिकवणार, हे एकानंही विचारलं नाही. शेवटी लिमये बाई उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भिंतीचं ठरलं असेल तर खिडक्यांचं बोलू या का?" कोणी हसलं नाही. मला मात्र ते वाक्य आवडलं, आणि आवडलं म्हणून माझा संशय आणखी वाढला. गोड बोलणारी माणसं आम्ही पाहिली होती, असं तिखट बोलणारं माणूस कुठल्या खान्यात घालायचं ते कळेना.

लोक म्हणतात, संशय वाईट. मला वाटतं, काठावर बसून नाक मुरडणारा संशय वाईट. बाबांचा संशय कष्टाळू होता, तो कोपरापर्यंत हात घालायचा. त्या दिवसांत बाजार सुटला की बाबा त्या जुन्या जिनिंगमध्ये जायचे. छताचे पत्रे पाहिले, विहिरीत डोकावले, तलाठ्याकडे बसून जमिनीचं सगळं जाणून घेतलं. मग शेठजींच्या मुनिमाशी पान खात गप्पा केल्या आणि घरी येताना त्यांचा चेहरा कधी नव्हे तो सैल झाला होता. शेठजींनी बापाच्या नावाची संगमरवरी पाटी आधीच घडवायला टाकली होती. त्यांना नाव पाहिजे होतं. बाबा मायला म्हणाले, बापाचं नाव दारावर लावल्यावर माणूस शाळा बंद पडू देत नाही. वकीलसाहेबांचंही निघालं. त्यांना तीन मुलीच होत्या. म्हणजे दोघांचाही तळचा कापूस हाती लागला होता, आणि तो बरा होता. बाबांचं शास्त्र असं उलटं. ज्याचा स्वार्थ सापडला त्याच्यावर त्यांचा विश्वास बसायचा. नि:स्वार्थी माणसाची त्यांना भीती वाटायची.

राहिल्या बाई. त्यांचा स्वार्थ कोणालाच सापडेना. आणि तो सापडत नाही तोवर माझं नाव लागणार नाही, हे बाबांनी वकीलसाहेबांना तोंडावर सांगितलं. रोहिणखेडकर तिळसंक्रांतीनंतर पुन्हा येणार होते.

एका दुपारी बाई एकट्याच आल्या. बाबा बाजारात होते. माय ओसरीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, मी शेजारी. मायनं पाट सरकवला आणि बायका विचारतात ते सगळं विचारलं. माहेर कुठलं, घरी कोण. बाई म्हणाल्या, आईवडील नाहीत, भाऊ आहे, भावजय आहे. आणि लग्न? "झालं होतं," एवढंच बोलल्या. मग मुलींच्या शिक्षणाचं नेहमीचं भाषण सुरू केलं. मायनं मध्येच थांबवलं, हे सगळं वकीलसाहेबांनी सांगितलंय म्हणाली. तुम्हाला यातून काय मिळतं? बाई म्हणाल्या, मला काय मिळणार, काही नाही.

मायनं मांडीवरची फोलकटं झटकली. पदराचं टोक ओढलं, बाईंच्या हातावर टाकलं आणि खाली स्वतःचा हात घातला. बाई दचकल्या. त्यांना आमच्या बाजाराची रीत कुठून ठाऊक असणार.

"बाई, आमच्या इकडे खरा भाव तोंडानं नाही सांगत," माय म्हणाली. "तुम्ही बोलू नका. मी म्हणतो ते खरं असलं तं माहा हात धरजा. खोटं असलं तं सोडून द्या."

बाईंनी हात तसाच पदराखाली ठेवला.

"ही शाळा नाही झाली तं तुम्हाले भावाच्या घरी वापस जा लागते. अन् तुम्हाले तिथं जायचं नाही."

बाजारातल्या माणसांचे चेहरे अशा वेळी कोरे राहतात. लिमये बाईंना ते शिकवलेलं नव्हतं. त्या समोरच्या लिंबाकडे बघत राहिल्या, हनुवटी थरथरत होती. मग पदर हलला. मला हात दिसले नाहीत. मायनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"इंदे, पाट मांड. बाई जेवतीन."

आमच्या घरच्या भाषेत याचा अर्थ एकच होता. आता बाई आमच्याकडे जेवतील का, ही धाकधूक मला. त्या काळी हा प्रश्न साधा नव्हता. बाई जेवल्या. ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची भाजी, मिरचीचा ठेचा. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं, पुन्हा आलं, पुन्हा पुसलं. ठेचा आमचा जहाल होताच. पण सगळं पाणी ठेच्याचं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. माय वाढत राहिली.

संध्याकाळी बाबा आले, अंगावर तंतू, भुवया पांढऱ्या. माय पायावर पाणी घालता घालता म्हणाली, इंदीचा सौदा झाला, ती शाळेत जाईल. बाबा थांबले. कोणी केला, विचारलं. माय म्हणाली, म्या केला, माह्या हातानं, पंजा दाबला. बाबांच्या कपाळाची शीर उठली. मी खांबामागे. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

"कायच्यावर केला?" त्यांनी विचारलं.

"पदराखालचं तिसऱ्यानं विचारायचं नसते," माय म्हणाली.

बाबांनी मायकडे पाहिलं. वत्सलाच्या लग्नापासून ती त्यांच्याशी अशी सरळ नजरेला नजर देऊन बोलली नव्हती. शेवटी त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला, स्वतःच तोंड धुतलं आणि जेवायला बसले. जन्मभर दुसऱ्यांना जो नियम सांगितला तो घरात कसा मोडणार. संक्रांतीनंतर रोहिणखेडची मंडळी आली. मी बाबांशेजारी बसले होते, उपरणं पसरलेलं. माझं एक बोट धरलं गेलं. त्या दिवशी पाण्याचे तांबे मी पळत पळत आणले.

जूनमध्ये बाबा मला शाळेत सोडायला आले. दारावर शेठजींच्या बापाची पाटी, भिंत चांगलीच उंच, आणि भिंतीच्या आत मोठमोठ्या खिडक्या. खोल्यांतून जुन्या सरकीचा वास गेला नव्हता, पुढं कधी गेलाही नाही. बाबांनी आधी भिंतीच्या गिलाव्यावर नख ओढून पाहिलं. मग फाटकात, सगळ्यांसमोर, खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकला. मी वाट पाहिली, पाणी की चहा. त्यांनी माझा सगळा पंजा धरला आणि दाबला. मग रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि बाजाराच्या वाटेनं गेले, मागं वळून पाहिलं नाही. मी मॅट्रिक झाले तेव्हाही लिमये बाई त्याच फाटकात उभ्या होत्या. भावाच्या घरी त्या कधीच परत गेल्या नाहीत. बाबा शेवटपर्यंत म्हणत, त्या बाईचं काही समजलं नाही बुवा. माय भाकरी थापत राहायची.

परवा ती लॅपटॉपवाली मुलगी पुन्हा आली. मी म्हटलं, ते बंद कर आणि जवळ बस. शालीचं टोक तिच्या हातावर टाकलं. ती गोंधळली, हसली, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसायची थांबली. मी विचारलं, बाई, ही शाळा नाही झाली तर तुझं काय जाईल? तोंडानं सांगू नकोस, मी एकेक म्हणत जाते, खरं असेल तिथं हात धर. पहिल्या दोन गोष्टींना हात सैलच राहिला. तिसरीला तिनं माझा पंजा असा धरला की माझी म्हातारी बोटं दुखली.

लिमये बाई गेल्या, माय गेली, बाबा गेले, म्हणून त्यांचं लिहिलं. हिचं लिहिणार नाही. सुनेनं नंतर विचारलंच, काय म्हणाली हो ती. त्याआधीच मी तिला फक्त एवढं सांगितलं होतं, की आज दोन भाकरी जास्त टाक.